धाकट्याच्या मानेवरची गाठ

आई, तुझ्या धाकट्याला कॅन्सर झाला आणि उपचारांनी तो उतरतोही आहे. दोन्ही एकदमच सांगते, नाहीतर तू पहिल्यावरच रडत बसशील.

जहाजावरून तो एचआयव्ही घेऊन आला तेव्हा तू त्याचं ताट पडवीत वेगळं मांडलंस. त्यात सुरमईची तुकडी मात्र सगळ्यांत मोठी. एका ताटात जेवून हा रोग लागत नाही, हे मी तुला पुस्तकात दाखवलं, तर म्हणालीस, "तुजा कॉन्व्हेंट तुज्याकडे ठेव गो." मी त्याच्या ताटात जेवले. पुढे सरकारी गोळ्या सुरू झाल्या, आणि ज्याला तू वर्षभराचा सोबती समजत होतीस तो तुझ्या माघारी आता साठीला आलाय.

मागल्या वर्षी त्याच्या मानेवर गाठ आली. डॉक्टरांनी न तपासताच टीबी ठरवून गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत गाठ आवळ्याएवढी होती ती लिंबाएवढी झाली. मी त्याला घेऊन परत गेले, गाठीचा तुकडा काढून तपासा म्हटलं. डॉक्टर त्याच्याकडे बघतच नाहीत, माझ्याशी बोलतात. "त्यांना मुळात तो आजार आहे. अशा पेशंटना गाठी येतातच. कशाला खोलात शिरायचं?"

पोस्टाच्या खिडकीत आयुष्य काढलंय मी, टाळाटाळ मला लांबून ओळखू येते. म्हटलं, "तुमच्या भावाच्या मानेवर आली असती तर शिरला असता ना खोलात? मग शिरा."

तपासणीची चिठ्ठी मिळाली. तुकड्यात लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, निघाला. गोव्यातल्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या एचआयव्हीच्या गोळ्या बघायला मागितल्या, त्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून एक बदलून घेतली, बाकीच्या चुकवायच्या नाहीत म्हणाल्या. केमो इतरांना देतात तेवढीच, पूर्ण. चार झाल्या, दोन उरल्यात. गाठ हाताला लागत नाही. केस गेले. आरशात बघून म्हणतो, "बाय, नारळ सोललो गो कोणी?"

शेजारीण विचारते, या वयात, त्या आजारात, एवढा खटाटोप कशाला. मी तिला विचारलं, तुमच्या मोतीबिंदूचा कशाला केलात?

हे धाडायचं नाहीच, म्हणून एवढं लिहिते. गाठ त्यानं आधी मला दाखवली होती, गणपतीत, मी मोदक वळत असताना. मी मान वर केली नाही. "तुज्या त्या आजाराचीच आसतली," म्हटलं. तो तीन आठवडे गप्प राहिला. डॉक्टर नंतर म्हणाले, आई. आधी मीच म्हणाले होते.