धुराड्यात सोडलेली नळी

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे मेन राज्यात. घर जुनं, पण आमचं! सामान उतरवायच्या आधी ओडिलनं स्वयंपाकघरात नाचून घेतलं. लाकडाची शेगडी झकास आहे, मात्र विटांचं धुराडं आतून तडकलंय. तसाच जाळ केला तर घर पेटायचं, म्हणून आत स्टेनलेसची नळी सोडायची. शेजारचे म्हातारे रोझेर म्हणाले, मी सोडून देतो, पैसे कसले देतोस पोरा, तुझ्या बायकोच्या हातच्या कुट्टूच्या घावनांवर ताव मारू दे.

९ ऑक्टोबर
रोझेर छपरावरून नळी सोडत होते, मी खाली शेगडीपाशी दोर ओढत होतो. इथली रीत अशी की दोघांनी धुराड्यातून सतत बोलत राहायचं, म्हणजे नळी कुठे अडली ते कळतं. मला काय, बोलायला निमित्तच हवं. नळीभोवतीच्या पोकळीत सिमेंटचा माल ओतून होईपर्यंत सगळं सांगून बसलो: ओडिल इस्पितळात नर्स आहे, दुपारी परतते, माझ्या एका हाकेला धावत येते. वरून, हं, अजून सांग, असं चाललेलं. मागे वळलो तर रोझेर दारात उभे, हातात नळीचं टोपण. ते आणायला केव्हाच खाली उतरले असावेत. मग वर कोण, विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नळीत मात्र त्यांचंच बोलणं चालू होतं.

१२ ऑक्टोबर
रोझेरची वाचा गेली ती गेलीच. डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. आणि आमच्या शेगडीतून तोच आवाज विचारतो, ओडिलला आज उशीर का झाला. ती घरात आली की गप्प. तिला सांगितलं तर म्हणाली, दिवसभर बोलायला कुणी नाही ना, म्हणून हे खूळ. मला फार भीती वाटते.

१५ ऑक्टोबर
नळी उपसायला छपरावर गेलो. हलेना, भोवतीचा माल दगड झालाय. चिडून नळीच्या तोंडाशी वाकलो आणि नाही नाही त्या शिव्या घातल्या. रोझेरही वरूनच बोलत होते, का बोललो मी तिच्यात! उतरताना घसरलो. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

१७ ऑक्टोबर
ओडिल म्हणते, तुझा घसा बसलाय. बसला नाही — गेलाय. शेगडीतून आता माझं बोलणं येतं, माझं हसणंसुद्धा. घर सोडू, असं तिला लिहून दाखवलं. प्लास्टर निघू दे, मग बघू, म्हणाली.

१९ ऑक्टोबर
तिची गाडी आली. छपरावरून माझाच आवाज — ओडिल, वर ये, अडकलोय —
अंगणातून ती रागावतेय, मेल्या, असला पाय घेऊन वर कशाला तडमडलास.
मुठी आपटतोय भिंतीवर. तिला ऐकू जात नाही. मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीला लावतो — तो मी नाही, मी इथे खाटेवर —
खिडकीवरून तिचे बूट वर गेले. शिडी —
वाकून विचारतेय नळीत, कुठे आहेस, बोल ना. आणि नळीतला मी तिला सांगतोय, अजून जरा वाक, अजून —