संशोधनातला सर्वांत नियमित पेशंट

लष्कर, ग्वाल्हेर
५ मार्च

तीर्थस्वरूप वनमालाअक्काच्या पायांशी,

धाकट्या लक्ष्मीकांतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. आठ अंगांत गुडघेही येतात, आणि माझे दोन्ही गेली चार वर्षं जमिनीला टेकायला तयार नाहीत.) प्रकृती कशी आहे असं विचारायची रीत आहे, पण ती कशी आहे हे तुझ्या राघवनं परवा फोनवर सांगितलं, आणि ती तशी का आहे हेही सांगितलं, म्हणून विचारायचं धाडस होत नाही. तुझी भावजय शामला बरी आहे. थंडी संपली, दुपारी बाड्याच्या चौकात ऊन लागू लागलंय. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर अडचणीचा भाग आला की मी हवापाण्याकडे वळतो. पत्रातही वळेन, पण निदान परत यायला जागा असते.

तुला मी जानेवारीत अभिमानानं सांगितलं होतं की मी एका संशोधनात आहे. ते खरं होतं. त्यापुढे जे सांगितलं ते खरं नव्हतं. पण क्रमानं सांगतो. अवंतिका म्हणून एक मुलगी आहे, खासगी बाजार मोहल्ल्यात आपल्या मागच्या गल्लीत वाढलेली. फिजिओथेरपीचं वरचं शिक्षण घेतेय आणि त्यासाठी तिला साठीच्या पुढची, जिना चढताना देवाला हाक मारणारी चाळीस माणसं हवी होती. आमच्या लष्कर भागात अशी चारशे मिळतील, पण ती दसऱ्यानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आली, आणि मी बारा पायऱ्या उतरून दार उघडेपर्यंत तिनं माझी निवड केलेली होती. तिचा प्रश्न साधा होता. गुडघा झिजला की आपण गुडघ्यालाच दोष देतो, पण त्याला सांभाळणारा मांडीचा स्नायू बळकट केला तर माणूस बरं चालतो का? वीस जणांनी रोज मांडीचे व्यायाम करायचे, वीस जणांनी नुसतं शेकायचं आणि फिरायचं, बारा आठवड्यांनी दोघांची तुलना. कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. माझी चिठ्ठी व्यायामाची निघाली. (शेकायची निघाली असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.)

इंदरगंजजवळच्या एका खोलीत आमची मोजमापं झाली. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता ते मोजतात. मग घोट्यापाशी मुठीत मावेल असं एक यंत्र धरतात, ते पायानं ढकलायचं, की स्नायूचा जोर आकड्यात दिसतो. मी नऊ वेळा उठलो. माझ्यामागे संभाजीराव होते, तेच, घोड्यावरच्या पणजोबांची तसबीर बैठकीत लावलेले. ते सात वेळा उठले आणि आठव्याला खुर्चीनं त्यांना सोडलंच नाही. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. नंतर बाड्यावर आम्ही दोघांनी डाळ भरलेली गरम बेडई पुरी खाल्ली, ती त्यांच्या सांत्वनासाठी.

घरी करायला वाळूची थैली मिळाली होती. ती घोट्याला बांधायची, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली आणायचा. असं दहा वेळा, दोन्ही पायांनी, दिवसातून दोनदा. आणि एक डायरी होती, रोजचे चौकोन आखलेली. पहिले पाच दिवस मी व्यायाम केला, अक्का, शपथेवर सांगतो. सहाव्या दिवशी मांड्या भरून आल्या. सातव्या दिवशी चौकोन रिकामा राहिलेला दिसला, आणि तुझ्या भावानं अडतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत. कोरा रकाना मला डोळ्यांत कुसळ गेल्यासारखा खुपतो. मी तो भरला. आठवा भरला. मग सोय म्हणून सोमवारीच आठवडाभराचे भरू लागलो. थैली गच्चीवर शामलाच्या पापडांवरचं फडकं दाबायला गेली, आणि ते काम थैलीनं उत्तम केलं. कधीकधी मी ‘किंचित दुखलं, तरी पूर्ण केला’ असा शेरा लिहीत असे, वेगळ्या शाईनं.

तेवढ्यावर थांबलो असतो. पण सहाव्या आठवड्यात अवंतिकानं डायरी उलटून पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. “काका, तुम्ही तर एकदम नियम से करताय. बाकीच्यांना मी तुमचीच डायरी दाखवते,” म्हणाली. खरंच दाखवू लागली. तिनं संभाजीरावांनाही दाखवली. त्यांच्या डायरीत बरोबरच्या खुणांमध्ये जागोजाग फुल्या होत्या आणि फुलीपुढे कारण: ‘केला नाही, पाहुणे होते.’ ‘केला नाही, मन नव्हतं.’ एका पानावर ‘केला, पण रागात.’ मी त्यांना समजावलं की शास्त्राच्या कामात शिस्त लागते. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. ती मान आता जेवतानाही आठवते.

जानेवारीच्या मध्यात शेवटचं मोजमाप झालं. संभाजीराव बारा वेळा उठले. खोलीत टाळ्या वाजल्या. मी आठ वेळा उठलो आणि टाळ्या थांबल्या. अवंतिकानं खुर्ची तपासली, घड्याळ तपासलं, मला पाणी दिलं, पुन्हा मोजलं. आठच. यंत्रावरचा जोरही कमी झालेला. ती डायरी उघडून एकेक पान पाहत बसली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, वय झालं आता.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला. शस्त्रक्रियेनं बसवलेल्या नव्या गुडघ्याचा तुझा बारावा दिवस होता. व्यायाम करून घ्यायला माणूस घरी येतो, पाय वाकवताना डोळ्यांत पाणी येतं, असं तू म्हणालीस. आणि मी तुला म्हणालो, “अक्का, मी संशोधनात होतो. बारा आठवडे एक दिवस न चुकता केलं. काही उपयोग नाही, उलट बिघडतं. नको जिवाला त्रास.” तू धाकट्या भावावर विश्वास ठेवलास. सत्तर वर्षांत माझं एवढं एकच म्हणणं तू ऐकलंस, आणि ते हे.

परवा राघवचा फोन आला तेव्हा मला वाटलं, खुशालीचा असेल. तो फार शांत बोलला. त्यानं सांगितलं की तू त्या माणसाला दुसऱ्याच दिवशी यायला नको म्हणालीस, महिना-दीड महिना नुसती पडून राहिलीस, आणि आता गुडघा पन्नास अंशांपुढे वाकत नाही. डॉक्टर भूल देऊन तो वाकवणार आहेत. मग म्हणाला, “मामा, आई मला म्हणत होती, तुझ्या मामाला अनुभव आहे. तुम्ही खरंच केले होते का हो व्यायाम?” मी इकडे उकडायला लागलंय असं काहीतरी बोललो. त्यानं फोन ठेवला. उचलत नाही तेव्हापासून.

काल सकाळी मी अवंतिकाकडे गेलो. तिच्या टेबलावर एक आलेख होता, एकोणीस ठिपके एका बाजूला चढत गेलेले आणि एक ठिपका खाली कोपऱ्यात एकटा. तो मी. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पापडांसकट. ती रागावेल अशी तयारी करून गेलो होतो. ती रागावली नाही. आलेखाकडे बघत म्हणाली, “काका, सच बताऊं तर, मला तुमच्यावर शंका आलीच नाही. दीड महिना मी हेच शोधत बसले की मी तुम्हाला काय चुकीचं शिकवलं. तुम्ही आपले सर्वांत नियमित पेशंट, मग चूक माझीच असणार ना?” हे म्हणताना तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली, आणि मला बसवेना.

मी विचारलं, माझा ठिपका पुसून टाकता येईल का. तर नाही. नियम असा की ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली, त्याला निकालात त्याच गटात मोजायचं, मग त्यानं व्यायाम केलेला असो की नसो. नाहीतर जो तो आपल्याला सोयीची माणसं ठेवील. माझी डायरी विश्वासार्ह नाही एवढं मात्र नोंदवता येईल, आणि ते मी लिहून सही करून द्यायचं. दिलं लिहून. हिंदीत दिलं, कारण खोटं बोललो हे सरकारी हिंदीत जरा परक्या माणसानं केल्यासारखं वाटतं. तिनं वाचलं आणि म्हणाली, “काका, असं नको. साधं लिहा.” मग साधं लिहिलं: मी व्यायाम केला नाही. केला असं लिहिलं.

तेच तुलाही लिहितोय. मी व्यायाम केला नाही, अक्का. ज्यांनी केला, रागात का होईना, त्यांचे पाय सुधारले. भूल उतरली की त्या माणसाला परत बोलाव आणि डोळ्यांत पाणी आलं तरी थांबू नकोस.

तुझा,
लक्ष्मीकांत

ता. क. डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारची तारीख दिली आहे असं कळलं. तुझ्याकडे, नागपूरला येणाऱ्या गाडीचं बुधवारचं एक तिकीट मी काढून ठेवलंय. राघवनं शामलाला निरोप दिला की मामांनी यायची गरज नाही. त्याचं बरोबर आहे. पण घर तुझंही आहे. तू ‘ये’ म्हणालीस तर तो अडवणार नाही. खरं तर हे पत्र त्यासाठीच होतं.

ता. क. दुसरा. शामला म्हणते, अजून एक राहिलं, आणि ते तिला ठाऊक आहे कारण फोनवर बोलत होतो तेव्हा ती शेजारी होती. त्या संध्याकाळी डोळ्यांतल्या पाण्याचं सांगून झाल्यावर तू हसून असंही म्हणाली होतीस की बाराव्या दिवशीच तुझा गुडघा नव्वद अंश वाकला आणि तो माणूस म्हणाला, आजी, तुमच्यासारखी जिद्द पाहिली नाही. तुझा त्रास मला बघवला नाही म्हणून मी थांबवलं असं नाही, अक्का. मी आठवर होतो आणि तू नव्वदवर. ते मला सहन झालं नाही. हे वाचूनही ‘ये’ म्हणालीस तरच येतो.