येडशीच्या मोजणी-तुकड्यातील घेरांच्या चुकीबाबत

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
वृक्षमोजणी दफ्तर, उस्मानाबाद

विषय : मोजणी-तुकड्यातील १६० झाडांची तोड तूर्त थांबविणेबाबत.
संदर्भ : आपला तोडीचा हुकूम नंबर २१७, दि. ९ माहे दे १३५३ फसली.

महोदय,

१. अर्जदार येडशी नाक्यावर जंगल रखवालदार आहे. रामलिंगाच्या खोऱ्यावरील उतारावर धावडा, सालई व खैर मिळून १६० झाडांना नंबर घातलेले आहेत. दरसाल फसली सालारंभी, आजुर महिन्यात, त्यांचा घेर मोजून आपल्या दफ्तरी पाठवितो. हे काम साठ वर्षे चालवावे असे मूळ हुकुमात आहे. सध्या तेरावे चालू आहे.

२. हुकुमात 'घेर छातीच्या उंचीवर मोजावा' एवढेच लिहिले होते. पहिली दोन वर्षे त्या उंचीवर डांबराची खूण करीत असू. पुढे डांबर मिळेना. छाती नेमकी कोणती, असा प्रश्न अर्जदारास कधी पडला नाही. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंगाची डबी असते. ती जिथे टेकते तिथे टेप लावायचा, हे मनाशी पक्के होते, व ते कोणास विचारावे असेही वाटले नाही.

३. सन १३४९ मध्ये अर्जदाराच्या मातोश्री सिद्धम्मा यांनी 'लेकरा, दोरा लई काचतोय तुला' असे म्हणून गळ्यातला दोरा बदलला. नवा दोरा लांब निघाला व डबी चार बोटे खाली आली. तेव्हापासून टेपही नकळत चार बोटे खाली आला. बुंधा खाली जाडच असतो. जो धावडा वर्षात पाव इंच चढत नाही तो त्या साली सव्वा इंच चढला. अर्जदारास आनंद झाला, हे कबूल आहे. दफ्तराकडून शाबासकीचे पत्र आले, ते घरी भिंतीस लावले.

४. हल्ली लढाईमुळे पेट्रोल नाही व मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. चांगल्या वाढीचे जंगल म्हणून आमच्याच तुकड्याचा ठेकेदाराकरवी कोळसा करण्याचे ठरले. म्हणजे जी वाढ झालीच नाही, तिच्यापायी झाडे जाणार. तोड दि. २४ रोजी सकाळी सुरू होणार आहे.

५. यंदा झाड नंबर ४१ वर जुन्या डांबराची पुसट खूण दिसली. टेप तिच्याखाली चार बोटे होता. तेव्हापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही. दफ्तरातील कारकून अण्णाराव यांस सर्व सांगितले. ते हसून म्हणाले, 'दोऱ्यानं कुठं जंगल वाढतं व्हय? गप बसा की.' शिवाय झाडे तुटणारच आहेत, तोडीनंतर पुन्हा खेप नको म्हणून १६० नंबरांपुढे आजच 'मृत' लिहून मोजणीची वही द्या, असेही म्हणाले. ते लिहिले नाही. जे झाड उभे आहे, ज्याच्या शेंड्यावर आज सकाळी होले बसले होते, त्यास मृत लिहिण्याचा हात अर्जदारास नाही.

६. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे. दंड करावा, बडतर्फ करावे, तक्रार नाही. मात्र पाच सालांचे आकडे दुरुस्त करायचे तर प्रत्येक झाड दोन्ही उंचींवर मोजून फरक काढावा लागतो. तोडीनंतर तो फरक कोठून काढावा? साठावे वर्ष अर्जदार पाहणार नाही. जो कोणी पाहील त्याच्या हाती खोटी वही व मोकळा उतार द्यावा, हे मनास पटत नाही. फार जीव तुटतो, साहेब.

७. सबब कालपासून फेरमोजणी सुरू केली आहे. उतार खडकाळ असून दिवसाकाठी सत्तेचाळीस झाडे होतात. आजवर चौऱ्याण्णव झाली, त्यांचा तक्ता सोबत जोडला आहे. उद्या सूर्य मावळेपर्यंत एकशे एकेचाळीस होतील. उरलेली एकोणीस दि. २४ रोजी सकाळी, म्हणजे नेमकी कुऱ्हाडी येतील त्या वेळेस, मोजावी लागतील.

८. हुकूम मागे घेण्यास वेळ लागणार असल्यास एवढे तरी व्हावे. त्या सकाळी अर्जदार कोणत्या ना कोणत्या झाडाला कवेत घेऊन टेप गुंडाळीत असेल. टेपाचे दुसरे टोक धरण्यास माणूस नसल्याने ते करताना मागे वळून पाहता येत नाही. तरी ठेकेदाराच्या माणसांस तशी आगाऊ समज द्यावी.

आपल्या हुकुमाच्या वाटेकडे डोळे लावून,
नम्र सेवक
शांतलिंग महालिंगप्पा खडके
जंगल रखवालदार, नाका येडशी
दि. २२ माहे दे १३५३ फसली