लोखंड गळ्याला धरत नाही

मांडवी, रत्नागिरी
१७ एप्रिल २०२५

चि. तेजू हिस,

ताईचे आशीर्वाद. सानवीची दहावी संपली, आता तिला पोटभर झोपू दे, सकाळी उगाच हाका मारू नकोस.

आंब्याची पेटी मिळाली असेलच, कारण हे पत्र तिच्यातच ठेवलंय. तुळसाचा सागर डोंबिवलीला माल घेऊन येत होता. यंदा मोहोर दोनदा गळला, आपल्या दोन्ही कलमांवर मिळून जेमतेम एवढेच निघाले. वरचा थर तयार आहे, खालचा अजून थोडे दिवस गवतातच राहू दे. आईला अगदी बारीक फोडी करून दे. ती बाठा चोखायला मागेल, देऊ नकोस. मागे ठसका लागून डोळे पांढरे केले होते तिने.

इथलं ठीक आहे. पावसाआधी कौलं शाकारून घ्यायची आहेत, माणूस सांगून ठेवलाय. न्हाणीघराची कडी नवी बसवली, आईला सांग. दर फोनला तेच विचारते. परवा म्हणाली, "सासरी पाठवल्यासारखी पाठवणी केलीस माझी, निदान घर तरी धड ठेव." मी हसले. तीही हसली. 

तेजू, हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तुझी शाळेपासूनची सवय, हातात कागद आला की आधी मोठ्याने वाचायचा. हा मनात वाच. फोन न करता लिहायला बसले तेही त्याचसाठी. तू फोन स्पीकरवर ठेवतेस, आणि आईची डावी बाजू गेली असली तरी कान दोन्ही शाबूत आहेत.

रविवारी तू गॅलरीत येऊन बोललीस, त्यामुळे तिने ऐकलं नसावं. तुझं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ झालंय. "सानवीने तुझा व्हिडिओ दाखवला, ताई. एवढं लोखंड उचलतेस, वर हसतेस, बायका टाळ्या वाजवतायत. आणि माझ्याकडे आलीस तेव्हा दारात उभी राहिलीस. आई काय लोखंडापेक्षा जड होते का गं तुला?"

मी म्हटलं, "पोळी करपतेय, ठेवते."

तव्यावर काही नव्हतं.

त्या व्हिडिओचं आधी सांगते. तो महिला दिनाचा. वेदिकाने काढला आणि जिमच्या पानावर टाकला. वेदिका म्हणजे आमची फिजिओथेरपिस्ट, पाठीच्या ऑपरेशननंतर मला पुन्हा चालायला तिनेच शिकवलं, आणि संध्याकाळी ती त्याच जिममध्ये बायकांना शिकवते. त्यातलं वजन आईपेक्षा थोडं जास्तच आहे. तू हिशेब केला असशील. मीही केला होता. खरं तर परत जिमला जायला लागले तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा हिशेबच नव्हता.

सुरुवात केरसुणीच्या दांड्याने झाली. वेदिका तो माझ्या पाठीला उभा लावायची. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला पाहिजे आणि तसंच्या तसं खुब्यातून वाकायचं. कमरेतून वाकणं आता माझ्या नशिबात नाही. ते दोन मणके एकमेकांना जोडून टाकलेत, स्क्रू आणि सळ्या घालून. दांडा सुटला की वेदिका ओरडायची, "सावित्रीताई, परत!" महिनेच्या महिने मी दांडा घेऊन वाकत होते. तुळसा मासे द्यायला आली आणि दारातून बघत राहिली. "काय गो, केर काढतेस की केरसुणीला नमस्कार करतेस?"

मग नुसता बार. मग दोन्ही बाजूंना एकेक छोटी चकती. पहिल्यांदा बार जमिनीवरून उचलला तेव्हा मी रडले, तेजू. दुखलं म्हणून नाही. ऑपरेशननंतर मी माझ्याच अंगात पाहुण्यासारखी राहत होते. बसताना विचारून बसायचं, शिंकताना भिंत धरायची, कूस बदलताना ओंडका लोटल्यासारखं सगळं अंग एकदम लोटायचं. त्या दिवशी पाय जमिनीत रुतवले, पोटात श्वास कोंडला आणि बार वर आला. घरात यजमान म्हणून परत आल्यासारखं वाटलं.

जगाला मात्र हे पटत नाही. गल्लीत, बँकेत, देवळात सगळ्यांचं एकच. जिमने पाठ मोडली, आणि ही बया परत तिथेच चाललीय. तुळसा तर तोंडावर बोलते. "डॉक्टरानं पाठीत सळ्या घातल्यान, आता लोखंड लोखंडाला उचलायला जातंय!" आईचंही तेच. मी पहिल्यांदा जिम लावलं तेव्हा ती म्हणायची, "पैसे देऊन हमाली करतेस? बंदरावर उलट देतील तुला." आणि पाठ गेल्यावर तिने त्या जिमला जे शिव्याशाप दिले ते तूही ऐकलेस. तूही तेच मानतेस. "तुझ्या हौसेची शिक्षा मी भोगतेय" असं तू कधी बोलली नाहीस, पण आईला तीन महिन्यांसाठी म्हणून नेलंस त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आई त्या खोलीच्या बाहेर पडलेली नाही आणि तूही जवळजवळ नाहीसच. तुझ्या मनात ते आलं नसेल असं मी कशी म्हणू?

हे एवढं लिहून मी उठले आणि भात लावून आले. लिहायचं आहे ते अजून लिहिलेलंच नाही.

तुझ्याकडे आले होते त्या सकाळचं लिहिते. आईला खाटेवरून खुर्चीत बसवायचं होतं. तू तिच्या काखेत हात घातलेस आणि मला म्हणालीस, "ताई, पायाकडून धर." मी पुढे आले नाही. तू वळून पाहिलंस. मग एकटीनेच उचललंस तिला, आणि ठेवल्यावर कमरेवर हात देऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहिलीस. मी म्हटलं, "डॉक्टरांनी मनाई केलीय." ते खोटं नव्हतं. पण डॉक्टर त्या क्षणी माझ्या मनातही नव्हते. तुझ्या मानेभोवती आईचा उजवा हात पडला, घट्ट, आणि ते बघून माझे पाय जागीच थिजले. मी आईला घाबरले, तेजू. आपल्या आईला. बाहेर जाऊन तुझ्या मोरीत नळ सोडून उभी राहिले, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

माझी पाठ जिममध्ये गेली नाही.

तू आईला नेलंस त्या वर्षीची दिव्याची अमावस्या होती. आईला आंघोळ घालत होते. साबणाचा हात, स्टूल सरकलं, आणि ती बंब आणि भिंतीच्या मधल्या बोळकंडीत खाली बसली. लागलं काही नाही, पण घाबरली. कडी आतून लावलेली, हाक मारली असती तरी कुणाला आत येता आलं नसतं. मी तिला उचलायला वाकले. वाकायचं कसं ते मला येत होतं गं, जिममध्ये तेच तर शिकत होते. पण अर्ध्यावर आल्यावर आईला वाटलं पुन्हा पडतेय. तिने माझ्या गळ्याला मिठी मारली, त्या एका चांगल्या हाताने, सगळा जीव त्या हातात आणून, आणि स्वतःला ओढून घेत वळली. तिच्याबरोबर मीही वळले. कमरेत काहीतरी कट्‌ झालं. मला ऐकू आलं ते.

सोडता येत नव्हतं. तिला खाटेपर्यंत आणलं, पुसलं, लुगडं नेसवलं. मग भिंतीला टेकले तेव्हा ती म्हणाली, "काय गो, तोंड का असं केलंस? माझ्यामुळे काय झालं काय?"

मी म्हटलं, "छे गं. काल जिममध्ये लचक भरली."

एवढंच. तिने लगेच जिमला शिव्या घातल्या आणि मला बरं वाटलं. पुढे डॉक्टर म्हणाले, मणका जन्मापासूनच कच्चा होता, आज ना उद्या सरकलाच असता, त्या दिवशी निमित्त झालं. त्यामुळे आईला दोष नाही. मी तो कधी दिलाही नाही. पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? जी बाई आपल्यामुळे कुणाला पाणी द्यायला उठावं लागलं तरी "शिणवलं तुला" म्हणते, ती हे ऐकून जेवलीसुद्धा नसती. म्हणून जिमवर ढकललं. जिमला काय, त्याला वाईट वाटत नाही.

जिमला परत जायला लागले ते वजन वाढवून आईला घरी आणायचं म्हणून. ज्या दिवशी तिच्याएवढं वजन उचललं त्या दिवशी वेदिकाला सांगितलं, आता आईला आणते. तिने बारवरच्या चकत्या उतरवल्या. मग म्हणाली, "ताई, लोखंड घाबरत नाही. ते तुमच्या गळ्याला धरत नाही, अर्ध्यावर वळत नाही. तुम्ही शंभर किलो उचललंत तरी माणूस एकटीने उचलायचा नाही. कधीच नाही." मी तिच्यावर चिडले. मग एवढे दिवस कशासाठी केलं हे सगळं, म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्यासाठी."

ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. महिला दिनाला मी हसतेय ते त्यानंतरचं हसू आहे. तुला तू म्हणालीस तसं दिसलं असेल, पण आईला आणता येणार नाही हे कळल्यावरही मी जिमला जात राहिले, आणि मला आवडत राहिलं. ही गोष्ट तुझ्यापासून लपवायची होती. त्या न्हाणीघरातल्या गोष्टीपेक्षाही जास्त.

आता पुढचं. वेदिकाने एक पद्धत शिकवलीय. आईच्या खाली जाड चादर सरकवायची, दोन्ही बाजूंना दोघींनी कडा मुठीत गुंडाळायच्या, समोरासमोर उभं राहायचं, आणि एकदम म्हणून एकदमच उचलायचं. त्यात वळणं नाही. आम्ही तांदळाच्या पोत्यावर सराव केला. दुसऱ्या बाजूला तुळसा. ती बाजार उरकून सकाळी येईल आणि दिवेलागणीला येईल, तिने आपणहून सांगितलंय. पोतं खाली ठेवल्यावर म्हणाली, "तांदूळ मुके म्हणून बरं. तुझी आई चादरीत बसून सगळ्या मांडवीला ऐकू जातील अशा शिव्या घालील." ते खरंच आहे.

तेव्हा मे महिन्यात आईला घेऊन ये. जिन्यावरून उतरवायला चार माणसं बघ, इथे आम्ही आहोत. आणि तूही थोडे दिवस राहा. फोनवर बोलताना तू मध्येच थांबतेस आणि श्वास ओढतेस, ते मला ऐकू येतं. तो श्वास माझ्या ओळखीचा आहे. वेदिकाला तुझी पाठ दाखवू. वेळेवर दाखवू.

एक अडचण उरते. चादरीतून नेताना आईने दोन्ही हात छातीवर ठेवायला हवेत. आमचा गळा धरायचा नाही. वेदिका म्हणते, ही एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं फुकट. आणि आई कारण सांगितल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. "का म्हणून? पडू काय मी?" म्हणेल आणि हात टाकेलच. मी रात्रंदिवस दुसरं कारण शोधत होते. सापडलं नाही. जिमवर हे ढकलता येत नाही.

भीती अजून आहे. तिचा हात माझ्या दिशेने उठेल तेव्हा मी काय करीन, हे मला आज माहीत नाही. कदाचित तेव्हाही माझे पाय थिजतील आणि तुळसा कडा धरून उभी राहील. हेही तुला आधीच सांगून ठेवते.

तू विचारलंस, आई जड होते का. होते. मला एकटीला होते, आणि तुलाही एकटीला होते. आपण दोघींनी हे एकमेकींना आधीच सांगायला हवं होतं.

वर लिहिलंय, आईला वाचून दाखवू नकोस. तेवढी ओळ पेनाने खोड आणि वाचून दाखव. दुपारचं जेवण होऊ दे, आंबा दे, मग. न्हाणीघरातलं येईल तेव्हा थांबू नकोस, नाहीतर तिला वाटेल त्याहून वाईट काहीतरी आहे. ती रडेल. तू तिचा उजवा हात धरून ठेव.

आणि तिला सांग, न्हाणीघराची कडी आता बाहेरूनही उघडते.

दोघींची वाट बघणारी,
तुझी ताई,
सावित्री