बाबांची गाडी बाहेर निघते तेव्हा

सोमवार, ३

दीपगृह बंद. संग्रहालय बंद. होडी दुरुस्तीला. आणि पर्यटन माहिती केंद्राच्या खिडकीत बसून मी हसतमुखाने सांगायचं – आमच्याकडे काय काय बघाल! आज एक जोडपं हटूनच बसलं. ठरावीक ठिकाणं नकोत, तुम्ही इथले लोक संध्याकाळी काय बघता ते सांगा. डोकं उठलं होतं. खरं तेच सांगून टाकलं – आम्ही माझ्या सासऱ्यांना गाडी काढताना बघतो.

पत्ताही दिला. काय ही माझी जीभ!

मंगळवार, ४

गेले की ते!

बाबांचा रोजचा नेम म्हणजे संध्याकाळी गाडी काढून समुद्रापर्यंत जाऊन यायचं. गल्ली अरुंद, फाटक त्याहून अरुंद, त्यामुळे गाडी उलटीच काढावी लागते. सासूबाई होत्या तोवर त्या रस्त्यावर उभ्या राहून हात हलवायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून बाबा गाडी एकदा भिंतीला लावतात, एकदा खांबाला. काल त्या जोडप्याने ओरडून ओरडून त्यांना बाहेर काढलं म्हणे. आज मुद्दाम आभार मानायला आले. एवढी मजा कुठेच आली नाही म्हणाले.

शुक्रवार, ७

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांचे दोन तट – एक डावीकडे घ्या म्हणणारा, दुसरा उजवीकडे. बाबा दोघांचंही मन राखतात. खांब वाकला.

शनिवार, ८

नवरा भडकलाय. गावभर शोभा झाली म्हणतो. जेवताना स्पष्टच बोलला, "बाबा, महिनाअखेरपर्यंत कुठेही न घासता काढून दाखवा. नाहीतर गाडी विकणार."

बाबा ताटावरून तसेच उठले. मला फार वाईट वाटलं. गाडी गेली तर हा माणूस घरातून बाहेर पडायचाच नाही.

मंगळवार, ११

केंद्राचे साहेब भलतेच खूश! नव्या पत्रकात दीपगृहाच्या जागी बाबा छापलेत. समोरच्या शिंप्याने ओट्यावर खुर्च्या मांडल्यात. साहेबांनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, सासरे सुधारणार तर नाहीत ना?

गुरुवार, १३

दुपारी बाबांची शिकवणी घेतली. टेबलावर मीठदाणी म्हणजे भिंत, वाटी म्हणजे गाडी. अगदी मान डोलावून ऐकलं त्यांनी. वाटी तर झकास काढली.

संध्याकाळी भिंतीच्या वरच्या विटा पाडल्या. टाळ्या पडल्या.

रविवार, १६

नवऱ्याला धीर कुठला? आजच गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक इंजिन बघणार होतं, पण गर्दी बघितली आणि बाह्या सरसावून तेही रस्त्यावर उभं राहिलं. "या, या, अजून या, बस!" – आणि धाड! घाम पुसत म्हणालं, उद्या मंडळींना घेऊन येतो. नवऱ्याने विचारलं, मग गाडी घेताय ना? त्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. गाडी नेली तर मग इथे बघायचं काय, म्हणालं.

नवरा अजूनही हट्टाला पेटलेला.

सोमवार, २४

रोज खांब. रोज भिंत. आज दोन्ही.

शुक्रवार, २८

वादळी वारा. किनारा बंद, केंद्राला सुट्टी, पाहुणे आपापल्या खोल्यांत. गल्लीत चिटपाखरू नाही. मी वरच्या खिडकीत दोरीवरचे कपडे काढत होते. बाबा खाली उतरले, गाडी सुरू केली आणि एका दमात बाहेर! कुठे घासणं नाही, थांबणं नाही.

तशीच गाडी उभी करून ते शिंप्याच्या बंद दुकानाकडे बघत बसले. मग गाडी आत घेतली, फाटक लावलं. समुद्रावर गेलेच नाहीत. मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "आज कुणीच नव्हतं गं."

स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले. एका घरात राहून इतके दिवस मला हे कळू नये!

शनिवार, २९

वारा तसाच. नवऱ्याला बजावलं, गाडी विकायची नाही आणि कारण विचारायचं नाही. संध्याकाळी गल्लीत जाऊन उभी राहिले. "या बाबा, या. भरपूर जागा आहे."

बाबांनी आरशात मला बघितलं आणि सरळ भिंतीला लावली.