जागा रिकामी नाही

सर, तुम्ही जाऊन वर्षं झाली, तरी दर आठवड्याला तुम्ही पोरांच्या मोबाईलवर येता आणि पोरं तुम्हाला दुप्पट वेगाने पळवतात.

लॉकडाऊन सैल झालं तेव्हा तुमच्या नारपोलीच्या घरी मी मोबाईल धरून उभी राहायचे. एरवी आसपासच्या यंत्रमागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून लूम बंद असतात तो शुक्रवार आपण धरला होता. अख्खं अर्थशास्त्र रेकॉर्ड करायचं, पोरांचं नुकसान नको, हा तुमचा हट्ट. शेवटच्या तासाला तुम्हाला ताप आहे, खोकला थांबत नाही. काकू दारातून म्हणतात, "अहो, पुरे आता." तुम्ही माझ्यावरच खेकसता, "हात हलवू नकोस! उद्या माझी जागा तुलाच चालवायचीय." मी मोबाईल घट्ट धरला. पुढच्या शुक्रवारी तुम्ही नव्हता.

कॉलेज उघडल्यावर प्राचार्य म्हणाले, "आता मिश्र पद्धत. व्हिडिओ घरी, शंका वर्गात."

"आणि सरांची जागा?"

"रिकामी कुठाय? सर आहेत की!" ते हसले. मला तासिका तत्त्वावर घेतलं, शंकांपुरतं.

पोरांना शंका नसतात. तुमचा खोकला मात्र कापून त्यांनी रिंगटोन केलाय. एकदा मी आणि काकू शेअर रिक्षात होतो, पुढे बसलेल्या पोराच्या खिशात तो वाजला. काकूंनी गर्रकन मान वळवून रस्त्यावर पाहिलं. रिक्षावाला वैतागला, "किसको टीबी हुआ है?" पोरगा म्हणाला, "हमारे सर हैं." काकू तिथेच उतरल्या. आम्हाला उतरायचं होतं तो धामणकर नाका अजून बराच लांब होता.

तो खोकल्याचा तास काढा म्हणून मी प्राचार्यांकडे गेले. "परीक्षेला तोच भाग येतो. तुम्हाला खुपत असेल तर नवा करून द्या." दिला. पोरं म्हणाली, "मॅडम, सरांचाच ठेवा ना. तुमच्यात मजा न्हाय." तुमचाच राहिला.

चांगुलपणाने तुम्ही माझी वाट बुजवलीत, सर. जिवंत असता तर निवृत्त तरी झाला असता. हे पत्र काकूंच्या हाती पडायला नको, म्हणून लिहून फाडणार आहे.

परवा प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुमचे शंकांचे तासही रेकॉर्ड करून ठेवा, पुढे उपयोगी पडतील." घसा बसलाय, असं मी खुणेनेच सांगितलं. माझा घसा ठणठणीत आहे.