लाकडी बाईवरचा थर

बाबा, एसीचं पाणी त्या मूर्तीवर कधी गळलंच नव्हतं. गळलं असं मी तुम्हाला सांगितलं, आईलाही आजवर तेच सांगत आले. दिवाळीची साफसफाई चालली होती, आई म्हणाली शोकेस पूस, आणि तेरा वर्षांच्या मी हौसेनं ती लाकडी बाई बाथरूममध्ये नेऊन रिठ्याच्या पाण्यानं घासली. वर खोबरेल तेलाचा हात दिला. काळपट थर गेला तेव्हा वाटलं, किती उजळली.

दुबईत, देऱ्यातल्या तुमच्या ऑफिसखाली जुन्या मूर्तींचं दुकान असलेले, आफ्रिकेतल्या माली देशाचे काका गावी जाताना ती तुमच्याकडे ठेवून गेले होते, कारण दुकानात राहिली तर कुणीतरी भाव विचारेल. तो थर म्हणजे त्यांच्या घरच्या पिढ्यांनी पूजेत ओतलेली बाजरीची पेज, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. "आपल्या म्हसोबाचा शेंदूर कुणी खरवडतं का?" म्हणालात, आणि मला नाही, स्वतःलाच रागावलात. एसीखाली ठेवलीच कशाला, म्हणून. काका परतल्यावर त्यांची माफी मागून आलात. मी बाहेर गाडीत बसून होते.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. हल्ली ऑफिस सुटल्यावर मी काकांकडे जाते. मूर्ती आधी मागून बघायची, हे त्यांनी शिकवलं: कुठे हात लागून झिजली, कुठे कुणी तडा बुजवला. गेल्या आठवड्यात म्हणाले, शारजाच्या प्रदर्शनात ही बाई ठेवतोय, विकायला नव्हे, माहिती तू लिही. थराचं काय लिहू, मी विचारलं.

"लिख दे, पानी गिरा. तेरे बाप ने खुद आके बताया था. ऐसा आदमी अब कहाँ, बेटी."

तेव्हापासून लिहितेय, खोडतेय. लाकूड, गाव, पेज, सगळं खरं, एक पाणी सोडून. आईला सांगितलं तर म्हणेल, खलास झालं ते, कशाला उकरतेस. काकांच्या रागाची भीती नाही. ते हसून सोडून देतील याचीच आहे. मग तुम्ही मागितलेल्या माफीचं काय करायचं? ती तुमची नव्हतीच.

तुम्हाला सांगणं सोपं आहे, हे मला कळतंय. गेल्या शनिवारीही काकांना सांगायला निघाले होते, मेट्रोतून उतरले आणि समोरच्या फलाटावरून परत फिरले. काका दहाला दुकान उघडतात. या शनिवारी, गिऱ्हाईक यायच्या आत.